आखूड पंखांचं हरिकेन

दामोदर कापगत्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या कारखान्यातल्या शॉपमधला एक जुना माणूस परवा घरी आला होता. म्हणाला, "वहिनी, तुम्ही लिहिता ना, मंग कापगते साहेबांवर चार चांगले शब्द लिहा." मी बराच वेळ बसून आठवून पाहिलं. मला दोनच सापडले, एक त्यांचे हात आणि दुसरं त्यांचं लाकडी विमान, हरिकेन. माणूस म्हणून ते मला कधीच आवडले नाहीत, आणि ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवलीही नव्हती.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या काळातली ही गोष्ट. आमचं आणि त्यांचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून होतं. मी रेल्वेवाल्याची मुलगी, गोंदिया-दुर्गच्या लाइनीवरच्या क्वार्टरांत वाढलेली. पातळ भिंतीपलीकडचं ऐकायची मला सवय होती, पण कापगत्यांच्या घरातलं ऐकून कधीकधी रेडिओ मोठा करावा लागे.

ते पॅटर्न शॉपचे फोरमन होते आणि आमचे हे शेजारच्या फाउंड्रीत मोल्डर. जो भाग लोखंडात ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा आणि त्या खड्ड्यात रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. हा हिशेब दर वेळी करत बसायला नको म्हणून तिथं एक वेगळी पट्टी असते. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब. तिला सगळे वाढीची पट्टी म्हणत. कापगत्यांची वाढीची पट्टी पितळी होती, आणि ती खिशात असल्याशिवाय ते संडासातही जात नसत असं शॉपमधले लोक म्हणत.

फळी सरळ आहे का हे पाहायला सुतार एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतो. कापगते माणसांकडेही तसंच बघत. नवा माणूस शॉपमध्ये आला की त्याला समोर उभा करून एक डोळा मिटायचे आणि त्याचं नाव ठेवून मोकळे व्हायचे. नावं सगळी लाकडाच्या खोडीची. कुणी गाठ, कुणी फट, कुणी वाळवी. आमच्या ह्यांचं नाव भुसा. एक बंगाली चार्जमन होता, त्याला त्यांनी पोकळ म्हटलं आणि त्या बिचाऱ्याला तो शब्द मानाचा वाटला. घरी पत्रात कळवला म्हणे त्यानं. बायकोला ते ओलं लाकूड म्हणत. "पेटत नाई, नुसतं धूर करते," असं चारचौघांत सांगत, आणि यमुनाताई पाण्याचे पेले घेऊन तिथंच उभ्या असत.

जेवायला बसले की खिशातून कंपास काढत. पोळीच्या मध्यावर एक टोक टेकवून दुसरं फिरवत. गोल नसेल ती पोळी ताटाबाहेर. मी एकदा न राहवून म्हटलं, "कापगते साहेब, पोटात गेल्यावर तिला कोण मोजणार आहे?" तर म्हणाले, "तुमच्या घरी कोनी मोजत नाई, म्हनून तं भुसा निपजला." मी चहा न पिता उठून आले. यमुनाताईंच्या पोळ्या मात्र पुढं कंपासानं काढल्यासारख्या गोल होऊ लागल्या.

त्यांच्या हाताबद्दल खोटं बोलणार नाही. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. शॉपमधल्या एका पोरसवदा कामगाराला पहिली मुलगी झाली, तेव्हा कापगत्यांनी आपण होऊन पाळणा करून देतो म्हटलं. शिवणीच्या लाकडाचा इतका हलका पाळणा झाला की बोट लावलं तरी झुलावा. बारशाच्या दिवशी तो दारात आणून ठेवला, बायका बघायला जमल्या, बाळाची आई हळदकुंकू लावायला वाकली. तेवढ्यात कापगत्यांना खालच्या दांडीला एक गाठ दिसली. आमच्यातल्या कुणालाही ती दाखवूनही दिसली नसती. त्यांनी पाळणा उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटून त्याचे तुकडे केले. बाळंतीण रडायला लागली. "रडते काहाले? खराब माल गेला," असं म्हणून घरी निघून गेले. दुसरा पाळणा काही केला नाही.

लढाईच्या काळात ते हवाई दलात सुतार होते, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. हरिकेन नावाचं लढाऊ विमान होतं, त्याचा मागचा अर्धा भाग लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर ताणलेल्या कापडाचा. गोळ्यांनी चाळण झालेल्या त्या शेपट्या पुन्हा बांधायचं काम त्यांचं. "इमान पायलटचं नसते, सुताराचं असते," असं ते विमानाबद्दल सांगत. "पायलट दोन घंटे बसते अन् इस्कटून आनून देते." एकदा एक पोरगा उतरताना जळून मेला, ती हकिकत ते दर दिवाळीला सांगायचे. पुढचा भाग कोळसा झाला, पण कापगत्यांनी बांधलेली शेपटी शाबूत राहिली, हा त्या हकिकतीतला आनंदाचा भाग. मी विचारलं, त्या पोराचं नाव काय होतं? त्यांना आठवलं नाही. शेपटीतल्या पट्ट्या मात्र एकेक आठवत होत्या.

सेक्टर दहामध्ये एक रशियन एक्सपर्ट राहायचा. लाल गालांचा, घामानं कायम भिजलेला, आणि कुणाच्याही पोराला खांद्यावर घेणारा. त्याला लढाईतल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती जमवायचा नाद होता. जिथं जिथं काम केलं तिथल्या माणसांच्या हातचं एकेक विमान त्याच्याकडे होतं, सगळी एकाच प्रमाणात आणि सारख्या मापाच्या काचेच्या पेट्यांत. तो स्वतः लढाईत वैमानिक होता, आणि ही हरिकेनं त्याच्या देशाकडेही गेलेली होती. त्यानं दुभाष्याकरवी कापगत्यांना विचारलं, मला एक करून द्याल का? विश्वकर्मापूजेच्या दिवशी शॉपमध्ये सगळ्यांसमोर मांडू, आणि मग ते माझ्याबरोबर माझ्या घरी जाईल. खाली पितळी पट्टीवर तुमचं नाव घालू.

त्या दिवशी कापगते घरी गाणं गुणगुणत आल्याचं यमुनाताईंनी मला भिंतीवरून वाकून सांगितलं. त्या घाबरल्या होत्या.

घाबरायला कारण होतं. कापगत्यांचे हात कापायला लागले होते. पलीकडच्या घरातला कपबशीचा खडखडाट मला रोज सकाळी ऐकू यायचा. नंतर तो बंद झाला, कारण त्यांनी बशी सोडून पितळी पेला धरला. शॉपमध्ये फोरमनला फक्त बोट दाखवायचं असतं, म्हणून निभत होतं. पण विमानाच्या नाकावरचा बोटभर लांबीचा पंखा कोरायचा, तर तो हात आता त्यांच्याजवळ नव्हता. तो हात लक्ष्मणजवळ होता.

लक्ष्मण यमुनाताईंचा धाकटा भाऊ. साकोलीकडची शेती तिघा भावांत वाटून संपली, म्हणून हा बहिणीकडे आला आणि कापगत्यांच्याच शॉपमध्ये कच्च्या नोकरीवर लागला. तिशी उलटून गेली होती. भंडाऱ्याकडची एक मुलगी पसंत होती, तिलाही हा पसंत होता, पण मुलीच्या वडिलांचं एकच म्हणणं होतं. नोकरी पक्की झाली की दुसऱ्या दिवशी साखरपुडा. आणि नोकरी पक्की करायची की नाही, हे कापगत्यांच्या एका शब्दावर होतं. "इमान करून दे," ते मेव्हण्याला म्हणाले, "पूजा झाली का तुहं नाव पाठवतो."

मागच्या अंगणात रविवारी काम चाले. पहिल्याच रविवारी मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. कापगत्यांनी खिशातली पितळी पट्टी काढून लक्ष्मणच्या हातात दिली.

"भाऊजी, हे तं वाढीची पट्टी होय," लक्ष्मण म्हणाला. "याच्यात लोखंड थोडीच ओतायचं हाये? साधी पट्टी घेतो ना."

"मले शिकवून राहिला का बे? माही पट्टी सोडून दुसरी लावली तं हात तोडीन."

लक्ष्मणनं फळी पुढं ओढली. नोकरी पक्की व्हायची होती. तो खाली मान घालून त्याच पट्टीनं खुणा करू लागला.

विमान झालं तेव्हा मीसुद्धा तोंडावर हात ठेवला. शेपटीतल्या पट्ट्या कापडाखालून बरगड्यांसारख्या दिसत होत्या. पंखा फुंकर मारली की फिरायचा. वैमानिकाच्या जागेवरची काच सरकायची. कापगते ते घेऊन घरोघरी गेले. "सारं माह्या हातचं," असं प्रत्येक दारात सांगितलं, आणि लक्ष्मण मागं उभा राहून मान डोलवत होता. कुणी दुसऱ्यानं डोलवली असती तर मला राग आला असता. त्याची मला कीव आली.

विश्वकर्मापूजेला कारखान्याची दारं बायकापोरांना उघडी असतात. एरवी नवरे जिथं जातात ते ठिकाण वर्षातून एकदाच दिसतं, म्हणून आम्ही ठेवणीतली पातळं नेसून गेलो होतो. पॅटर्न शॉपमध्ये सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून लाल कपड्यावर मांडली होती. करवती, रंधे, पटाशा, सगळ्यांना हळदकुंकू आणि फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. ती त्या दिवशी देव असतात, आणि हे तिथल्या हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्या कारागिरांनी मानलेलं होतं. लक्ष्मणच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं. ते धोतर, काळा कोट घालून पुढं खुर्चीवर बसले होते.

रशियन आला. त्यानं विमान दोन्ही हातांत घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. मग आपली काचेची पेटी पुढं ओढून ते आत ठेवायला गेला, तर पंख दोन्ही बाजूंनी काचेला अडले. त्यानं तिरपं करून पाहिलं. जाईना. बोटाच्या पेराइतकंही नसेल, पण विमान मोठं होतं. रशियन हसत काहीतरी म्हणाला, आणि दुभाष्यानं ते हिंदीत सांगितलं, "साहब कह रहे हैं, इंडिया का खाना खाके मोटा हो गया."

सगळे हसले. पोरं हसली, बायका हसल्या. कापगत्यांच्या शॉपमध्ये कापगत्यांवर कुणी हसलेलं मी तेव्हाच पाहिलं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला आणि ते ओरडले, "मी नाई केलं हे! हे या लक्ष्यानं केलं. साऱ्या शॉपले विचारा, माह्या हातून असं होते का? साल्याले दोन पट्ट्यांतला फरक समजत नाई!"

पट्टी कुणी दिली होती हे मला ठाऊक होतं, यमुनाताईंना ठाऊक होतं. आम्ही दोघी बायकांच्या घोळक्यात उभ्या होतो आणि मध्ये फोरमनचा आवाज होता.

दुभाष्यानं रशियनाला सांगितलं. रशियन एकदम गंभीर झाला, त्यानं विचारलं, म्हणजे हे या माणसानं बनवलंय? आणि कापगत्यांना ओलांडून तो पुढं गेला आणि त्यानं लक्ष्मणचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पेटीचं काही नाही, तो म्हणाला, मी मोठी पेटी करून घेईन, नावाची पट्टीही बदलू. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. लक्ष्मणला काय करावं कळेना, तो वेड्यासारखा हसत होता. त्याला इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

"थांबा," कापगते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "गलत माल माह्या शॉपमधून बाहेर जात नाई. लक्ष्या, करवत घे. दोन्ही बाजूनं काप."

"भाऊजी, आज?" लक्ष्मणनं लाल कपड्याकडे पाहिलं. "आज हत्यार कसं उचलू?"

"तुले पर्मनंट व्हायचं हाये का नाई?"

एवढंच. लक्ष्मणनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग हळदकुंकवाची बारीक करवत उचलली. तिच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. कुणीतरी बाई "अगं बाई" म्हणाली. जुना एक सरदारजी कारागीर पाठ फिरवून बाहेर गेला. लक्ष्मणनं विमान मांडीवर घेऊन दोन्ही पंखांची टोकं कापली, आणि कापताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. विमान पेटीत अगदी नेमकं बसलं. रशियनानं काचेवरून हात फिरवला, मान हलवली, आणि पेटी तिथंच ठेवून तो निघून गेला. सासऱ्यांनी टोपी नीट केली आणि तेही निघाले. पूजेच्या दिवशी देवावर हात टाकणाऱ्याच्या घरी पोर देऊ नये, असं त्यांनी नंतर कळवलं.

पुढच्या आठवड्यात पक्क्या नोकरीची नावं गेली, त्यांत लक्ष्मण नव्हता. महिना सरायच्या आत त्याची कच्चीही सुटली. शॉपमधल्या चारपाच जणांनी धीर करून कापगत्यांना विचारलं, साहेब, असं कावून? तेव्हा ते म्हणाले, "विश्वकर्म्याच्या दिवशी ज्यानं हत्यार उचललं, तो मानूस मले माह्या शॉपमधी नाई पाहिजे." आणि सांगायला लाज वाटते, त्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाही ते थोडंसं पटलेलं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

हरिकेन पेटीसकट कापगत्यांच्या बैठकीत आलं, खाली नावाची पितळी पट्टी तशीच. आल्यागेल्याला ते सांगत, हा आखूड पंखांचा खास प्रकार होता, फार थोडे बनले, म्हणून याची किंमत जास्त. पाहुणे वाकून बघायचे आणि वा म्हणायचे. यमुनाताई रोज ती काच पुसायच्या. भावाचं नाव त्या घरात घ्यायचं नाही असा हुकूम होता, आणि काच पुसण्यावर कुणी हरकत घेत नव्हतं.

लक्ष्मण जवळच्या जामुलला गेला. तिथं सिमेंटच्या कारखान्यात पोती भरायच्या कामावर लागला.

नंतर कापगते रिटायर झाले आणि हातांचं कापणं लपेनासं झालं. एके दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि विमान हातातून निसटलं. पेटीची काच फुटली, विमानाचा पंखा तुटला. शिव्या यमुनाताईंना बसल्या. भिलाईतल्या एकाही सुताराच्या हातात ते द्यायला तयार नव्हते. दोन दिवस घरात धुसफूस झाली आणि तिसऱ्या दिवशी यमुनाताई माझ्या दारात आल्या. "वहिनी, जामुलले जाऊन राहिलो. तुमी चाला ना माह्यासंग. मले एकटीले यांच्यासंग जमत नाई." इतक्या वर्षांनी भावाला भेटायला निघालेल्या त्या बाईला मी नाही म्हणू शकले नाही.

पॉवर हाऊसच्या स्टॉपवरून बस धरली. कापगते पुढं बसले, विमान टॉवेलात गुंडाळून मांडीवर. कारखान्याच्या फाटकाजवळच एका खोलीत लक्ष्मण राहत होता, एकटाच. पाळी संपवून नुकताच आला होता, भुवयांवर अजून सिमेंट होतं. बहिणीला बघून तो उभा राहिला आणि त्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही. कापगत्यांनी खाटेवर टॉवेल उलगडला.

"पंखा तुटला. बसवून दे."

लक्ष्मणनं विमान बघितलं आणि मला शपथ, त्याचा चेहरा उजळला. त्यानं चाकू शोधला, उजेडात बसला, पंख्याचा तुकडा चिमटीत धरायला गेला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. सिमेंटनं कातडी खाल्ली होती. बोटांच्या टोकांना भेगा पडून त्या काळ्या झाल्या होत्या आणि बोटं पुरती मिटत नव्हती.

"भाऊजी, बोटाले समजतच नाई काई," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं ते विमानासाठी, स्वतःसाठी नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

कापगत्यांनी त्याचा हात धरून उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला, आणि सोडून दिला.

"बरं झालं तुले पर्मनंट नाई केलं," ते म्हणाले. "असे हात घेऊन मी काय केलं असतं?"

मी काहीतरी बोलले असेन. काय बोलले ते आठवत नाही. यमुनाताईंनी कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, भावाचा एक हात मांडीवर ठेवला आणि भेगांत तेल जिरवू लागल्या. कापगत्यांनी विमान टॉवेलात गुंडाळलं, "चाल, बस निंगते," म्हणाले आणि चालू लागले. आम्ही मागोमाग निघालो. लक्ष्मण पोचवायला आला.

परतीच्या बसमध्ये कापगते खिडकीशी बसले आणि शेजारची जागा त्यांनी हात ठेवून धरली. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. यमुनाताईंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. त्या खाली लक्ष्मणशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्याचा हात त्यांनी पुन्हा आपल्या पदरात घेतला. मी हाक मारली, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "दो ना, बाबूजी? बाई नीचे खड़ी है, आ रही है क्या?"

कापगत्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. बायकोनंही वर पाहिलं. मग त्यांनी मांडीवरचं विमान उचलून शेजारच्या जागेवर ठेवलं, टॉवेल नीट केला आणि कंडक्टरला म्हणाले, "एक."

कंडक्टरनं एक तिकीट फाडून दिलं आणि बस सुटली.